फास्टॅगचे पैसे कापले कोणी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही टोल आणि फास्टॅगबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल सगळं मिळून इतके प्रश्न आले की बरेचसे पुढच्या अंकाला ठेवावे लागले. गोव्यातल्या गोव्यात फिरणाऱ्याला मांडवीवर किंवा झुआरीवर टोल भरावा लागत नाही, त्यामुळे फास्टॅग एकदा काचेवर चिकटवला की आपण विसरून जातो आणि मग बेळगाव नाहीतर कोल्हापूरला जायची वेळ आली की सगळे घोळ एकदम समोर येतात. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न : रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, गाडी बिल्डिंगखाली उभी, आणि मोबाईलवर मेसेज आला की महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी टोल नाक्यावर ९५ रुपये कापले. बँकेला फोन केला तर म्हणतात टोलवाल्यांना विचारा, टोलवाले फोन उचलत नाहीत. मिस्टर म्हणतात ९५ रुपयांसाठी कुठे डोकं लावत बसतेस, सोडून दे. पण मला ते पटत नाही. काय करू? (फोंडा)

ताई, सोडू नका. तुम्हाला पटत नाही तेच बरोबर आहे. ९५ रुपये तुमचे आहेत हे तर झालंच, पण तुमच्या गाडीच्या नावावर ती गाडी तिथे होती अशी नोंद झालीय आणि ती चुकीची आहे. उद्या कोणी तुमच्याच नंबरची खोटी प्लेट लावून फिरत असेल तर त्याचा पहिला पुरावा हा मेसेजच असेल.

आधी हे पैसे कापले कसे जातात ते सांगतो म्हणजे भांडायचं कुणाशी ते कळेल. काचेवरच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. लेनवर वर जो अँटेना असतो त्याच्या रेडिओ लहरींवरच त्यातली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. नाक्याची सिस्टीम तो नंबर स्वतःच्या बँकेकडे पाठवते, तिथून तो एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेत जातो, ती बघते की हा टॅग कुठल्या बँकेने दिलाय, आणि मग तुमची बँक तुमच्या खात्यातून पैसे वळते करते. म्हणजे मध्ये दोन बँका आहेत, नाक्याची एक आणि तुमची एक. तुमचा संबंध फक्त तुमच्या बँकेशी आहे, त्यामुळे "टोलवाल्यांना विचारा" हे उत्तर ऐकूनच घ्यायचं नाही, नाक्याच्या बँकेकडून पुरावा मागवणं हे तुमच्या बँकेचं काम.

आता घरी उभ्या गाडीचा टोल कसा कापला जातो? बहुतेक वेळा असं होतं की कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा टॅग मशीनने वाचला नाही, मागे रांग लागली, लोक हॉर्न वाजवायला लागले, आणि बूथवरच्या मुलाने गाडीचा नंबर हाताने टाईप केला आणि त्यात एक आकडा चुकला. तो चुकलेला नंबर तुमचा निघाला. दुसरं कारण खोट्या प्लेटचं. तिसरं कारण घरचंच असतं कधी कधी, दोन गाड्या असतात, एकीचा टॅग सुटून आलेला असतो आणि तो भलत्याच गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून मुलगा निघून जातो, ते आधी घरात विचारून घ्या. आणि चौथं म्हणजे मेसेज उशिरा येणं. शुक्रवारी खरंच गेला असाल आणि नाक्याचं नेटवर्क बंद असेल तर मेसेज रविवारी येऊ शकतो. म्हणून मेसेजच्या वेळेवर जाऊ नका. बँकेच्या फास्टॅग अ‍ॅपमध्ये स्टेटमेंट उघडा, त्यात प्रत्येक व्यवहारासमोर दोन वेळा असतात, एक रीडरने टॅग वाचला ती वेळ आणि दुसरी पैसे कापले ती वेळ. बाजूला नाक्याचं नाव आणि बऱ्याचदा लेन नंबरही असतो. रीडर टाईमच्या वेळी तुमची गाडी कुठे होती तेवढं सिद्ध करायचं.

त्यासाठी बिल्डिंगच्या सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. त्या दिवशीचं पेट्रोलचं बिल, पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉब कार्ड, काहीही चालेल. मग त्याच अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर डिस्प्युट टाका, तक्रार नंबर लिहून ठेवा, आणि १०३३ या महामार्ग हेल्पलाईनवर पण नोंदवा. तक्रारीत एक वाक्य नक्की लिहा की नाक्यावरचा त्या वेळचा गाडीचा फोटो दाखवा. फोटोत दुसरी गाडी दिसली की विषय संपला. हाताने नंबर टाकून चुकीचे पैसे कापणाऱ्या नाक्यांना प्रत्येक सिद्ध झालेल्या प्रकरणाला १ लाख रुपये किंवा जास्त दंड लावतो असं महामार्ग प्राधिकरणाची आयएचएमसीएल कंपनीच सांगते, त्यामुळे तुमच्या ९५ रुपयांची तक्रार वाया जात नाही. बँकेने ३० दिवसांत काही केलं नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, वकील नाही. आणि फोटोत तुमच्याच नंबरची दुसरी गाडी दिसली तर मात्र थेट पोलीस स्टेशन गाठा, उशीर करू नका.

प्रश्न : मुंबईचे भावजी म्हणाले अटल सेतूला कारचे २५० रुपये घेतात. आम्ही तर पणजीत रोज अटल सेतूवरून जातो, कधी काही कापलं नाही. पुढे एकदम वसूल करतील का? (पर्वरी)

नाही हो. भावजी म्हणतात तो शिवडी ते न्हावा शेवा समुद्रावरचा पूल, तो १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला आणि तिथे कारला एका बाजूचे २५० रुपये आहेत. आपला मांडवीवरचा अटल सेतू २७ जानेवारी २०१९ चा, त्यावर टोल नाही, झुआरीच्या नव्या पुलावरही नाही. नाव एक असल्यामुळे हा गोंधळ पुष्कळ जणांचा होतो. मागचं काही साचून राहिलेलं नाही, निर्धास्त जा.

प्रश्न १ : मुलगी पुण्यात शिकते, वर्षाला चार-पाच वेळा तरी गाडी घेऊन जाणं होतं. वार्षिक पास घ्यावा का? (म्हापसा)
प्रश्न २ : माझी टूरिस्ट टॅक्सी आहे, पिवळी प्लेट. पॅसेंजर घेऊन बेळगाव, हुबळी, कोल्हापूर करतो. मला वार्षिक पास द्यायला बँकवाला नाही म्हणतो, हा अन्याय नाही का? (कळंगुट)

दोन्ही पत्रं एकत्र घेतो. वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आला, सुरुवातीचा दर ३,००० रुपये, त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. दर बदलू शकतो म्हणून घेताना राजमार्गयात्रा अ‍ॅपवर बघूनच घ्या, आणि तो फक्त त्या अ‍ॅपवर किंवा सरकारी साईटवरच मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी लिंक पाठवली तर हात लावू नका. फेरी म्हणजे घरापासून पुण्यापर्यंत एक असं नाही, एक नाका ओलांडला की एक फेरी मोजली जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

म्हापशाच्या वाचकांसाठी हिशोब करून बघू. चोर्ला घाटातून बेळगावला चढलात आणि मोठा हायवे धरलात की हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे सहा नाके. जाऊन येऊन बारा. २०० फेऱ्यांत पुण्याच्या सोळा वाऱ्या बसतात. एका नाक्याचे सरासरी ८० रुपये धरले तर ३८ नाके ओलांडले की ३,००० वसूल, म्हणजे चौथ्या वारीत पैसे निघाले. तुमच्या चार-पाच वाऱ्या नक्की होणार असतील तर घ्या, दोनच होणार असतील तर नको. आणि पास असला तरी टॅगमध्ये थोडे पैसे ठेवावेच लागतात, कारण पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो. पुण्याहून पुढे मुंबईला एक्स्प्रेसवेने गेलात तर तो रस्ता राज्याचा, तिथे नेहमीसारखे पैसे कापणार. समृद्धीचंही तसंच. पास दुसऱ्या गाडीला लावता येत नाही, उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत, आणि गाडीचा नंबर टॅगशी नीट जोडलेला हवा. नवी गाडी घेताना टॅग चॅसिस नंबरवर दिला जातो, तो तसाच राहिला असेल तर आधी बँकेकडून नोंदणी नंबर टाकून घ्या, मग पास.

कळंगुटच्या भाऊंना सांगतो, बँकवाल्याने नियम खरा सांगितला. पास फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला आहे, सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या गाडी-नोंदणी डेटाबेसमध्ये गाडी कमर्शियल दिसली की मिळतच नाही. रेंट-अ-कॅबच्या काळ्या प्लेटवाल्यांनाही नाही. पण तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. महिन्याला सगळ्यात जास्त नाके टॅक्सीवाला ओलांडतो, वर्षातून दोनदा फिरायला जाणारा नाही, आणि सवलत मात्र ज्याला रोजीरोटीसाठी रस्ता लागत नाही त्याला. हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि टॅक्सी संघटनांनी हा विषय दिल्लीपर्यंत न्यायला हवा.

तोपर्यंत तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात तर जाऊन येऊन मिळून दीडपट लागतो, दुप्पट नाही. फास्टॅग असेल तर परतीला अर्धेच कापले जायला हवेत. हे दर वेळी तपासा, पूर्ण कापले असतील तर डिस्प्युट टाका. दुसरं म्हणजे मासिक पास. एकाच नाक्यावरून महिन्यात वारंवार जात असाल तर ५० फेऱ्यांचा पास ५० फेऱ्यांच्या टोलच्या दोन तृतीयांश पैशात मिळतो. रोज बेळगाव करणाऱ्याला परवडेल, आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला नाही. पॅसेंजरला टोल वेगळा लावत असाल तर स्टेटमेंटची प्रिंट दाखवून घ्या, वादच होत नाही.

प्रश्न : अंबाबाईच्या दर्शनाला निघालो होतो. नाक्याच्या रांगेत लक्षात आलं बॅलन्स नाही, तिथेच पाचशे टाकले, मेसेजही आला, तरी पुढे गेल्यावर लाल दिवा आणि डबल घेतले. पैसे भरूनसुद्धा डबल का? (साखळी)

बॅलन्स संपला की तुमची बँक टॅगला बंदच्या यादीत टाकते. पैसे भरले की त्या यादीतून काढणं हे वेगळं काम आहे आणि ती बातमी नाक्यापर्यंत पोचावी लागते. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांची सिस्टीम टॅगची स्थिती तिथल्या तिथे विचारते असं प्राधिकरणाचं म्हणणं आहे, त्यामुळे तिथे रांगेत भरलेले पैसे चालायला हवेत. राज्यांच्या काही रस्त्यांवर मात्र जुनी पद्धत आहे, यादी ठराविक वेळाने अपडेट होते, मग मधल्या वेळात तुम्ही पोचलात की लाल दिवा. शिवाय एनपीसीआयचा १७ फेब्रुवारी २०२५ पासूनचा नियम आहे की रीडरने टॅग वाचायच्या आधी ६० मिनिटांपेक्षा जास्त वेळ आणि नंतर १० मिनिटांपर्यंत टॅग बंदच्या यादीत असेल तर व्यवहार नाकारला जातो. म्हणून सरळ सांगतो, रिचार्ज घरून निघतानाच करा, चोर्ल्याच्या आधीच करा, घाटात रेंज पण नसते. आणि एकदा बघून घ्या की प्रश्न बॅलन्सचाच आहे की केवायसीचा, कारण केवायसी अर्धवट असेल तर पाच हजार टाकलेत तरी टॅग चालू होणार नाही. काहींकडे अजून पेटीएम पेमेंट्स बँकेचा जुना टॅग आहे, त्यात १५ मार्च २०२४ नंतर पैसे टाकताच येत नाहीत, तो बंद करून दुसऱ्या बँकेचा घ्या.

डबलबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा, या माहीत नसल्यामुळे लोकांचे खूप पैसे जातात. १५ नोव्हेंबर २०२५ ला असा नियम आला की राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालत नसेल आणि तुम्ही रोख दिले तर दुप्पट, पण यूपीआयने दिले तर सव्वापट. १०० चा टोल असेल तर रोख २००, यूपीआय १२५. त्यामुळे खिशातून नोटा काढायच्या आधी फोन काढा.

दुसरी त्याहून महत्त्वाची आहे. तुमचा टॅग चालू आहे, पैसे आहेत, आणि बिघाड नाक्याच्या मशीनमध्ये आहे, तर तुम्हाला एक रुपया न घेता सोडलं पाहिजे आणि शून्य रुपयांची पावती दिली पाहिजे. हा २०१८ पासूनचा नियम आहे, कोणाची मेहरबानी नाही. बूथवरचा पोरगा हातातलं मशीन काचेला लावून बघेल, तेही वाचेना झालं की तो म्हणेल "कॅश द्या साहेब". तेव्हा आवाज न चढवता अ‍ॅपमधला बॅलन्स आणि टॅगची स्थिती त्याला दाखवा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि सुपरवायझरला बोलवा म्हणा. तो पोरगा बारा-बारा तास धुरात उभा असतो, त्याच्यावर ओरडून काही होत नाही, निर्णय सुपरवायझरचा असतो. घाई असेल म्हणून दिलेच पैसे तर पावती घ्या, वेळ बघून ठेवा आणि १०३३ वर तक्रार करा.

प्रश्न : स्कूटरने कणकवलीला माहेरी जाते. पुढेमागे ओसरगावचा टोल लागला तर स्कूटरला भरावा लागेल? आणि जवळ राहणाऱ्यांना सवलत असते ती आम्हाला मिळेल का? (पेडणे)

दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर साधारणपणे टोल नाही, निर्धास्त जा. जवळच्यांचा मासिक पास नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाडीला असतो, २०२५-२६ ला तो ३५० रुपये होता. पेडणं त्यात बसत नाही. तुमच्या माहेरच्यांची कार असेल तर त्यांनी आधार कार्ड आणि आरसी घेऊन चौकशी करावी. सिंधुदुर्गातल्या लोकांनी ओसरगावला सुरुवातीपासून विरोध केलाय तो त्यांच्या जागी योग्यच आहे, बाजारहाट आणि दवाखान्यासाठी रोज तोच रस्ता लागतो.

प्रश्न : भाऊ इंग्लंडला स्विंडनमध्ये असतो, तो म्हणतो तिकडे पुलावर बूथच नाही, गाडी न थांबता जाते. आपल्याकडे असं कधी होणार? (वास्को)

तुमचा भाऊ लंडनजवळच्या डार्टफर्डबद्दल बोलत असणार. तिथले बूथ २०१४ ला काढले, कॅमेरा नंबर प्लेट वाचतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाईन पैसे भरायचे, नाहीतर दंडाचं पत्र घरी. स्विंडनवरून वेल्सला जाताना सेव्हर्नचा पूल लागतो, तिथला टोल तर डिसेंबर २०१८ ला कायमचाच काढून टाकला, ते पण भावाला विचारा. आणि आपल्यातले बरेच जण पोर्तुगालला असतात त्यांना विया व्हेर्दे माहीत असेल, काचेवरच्या छोट्या डब्यावर न थांबता टोल घ्यायची पद्धत तिथे १९९१ पासून आहे. लिस्बनच्या दोन्ही मोठ्या पुलांवर शहरात येतानाच टोल घेतात, जाताना नाही.

आपल्याकडे पण हे यायला लागलंय. गुजरातमधला चोर्यासी आणि हरियाणातला घरौंडा या नाक्यांसाठी २०२५ मध्ये करार झाले. रस्त्यावर आडवी कमान, तिच्यावर टॅगचा रीडर आणि नंबर प्लेटचा कॅमेरा, गाडी आपल्या वेगाने खालून निघून जाते. फास्टॅग आहेच, त्यामुळे त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागणार नाही. पण मला एक काळजी वाटते ती सांगतो. बूथ असला की निदान माणूस समोर असतो, वाद तिथल्या तिथे मिटतो. कमानीखाली टॅग वाचला गेला नाही तर नोटीस घरी येणार, आणि जानेवारी २०२६ च्या नियमबदलानंतर टोल थकला असेल तर गाडी विकताना किंवा दुसऱ्या राज्यात नेताना लागणारी एनओसी अडते, कमर्शियल गाडीचं फिटनेसही अडतं. ज्याच्या आरसीवर दहा वर्षांपूर्वीचा पत्ता आणि बंद पडलेला मोबाईल नंबर आहे त्याला नोटीस पोचणारच नाही. म्हणून वाहन पोर्टलवर मोबाईल नंबर आताच अपडेट करून घ्या, आणि पावसाळ्यात चिखलाने माखलेली प्लेट पुसून निघत जा.

प्रश्न : पुढची काच फुटली म्हणून बदलली, टॅग जुन्या काचेबरोबर गेला. गॅरेजवाल्याने सोलून दिलाय, तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला तर चालेल ना? (मडगाव)

चालणार नाही. सोलला की आतला बारीक अँटेना फाटतो, तो टॅग मेला असं समजा. आणि हातात धरून दाखवायचे सुटे टॅग जुलै २०२५ पासून ब्लॅकलिस्ट करायला लागलेत. बँकेकडून त्याच गाडीसाठी बदली टॅग मागवा, बॅलन्स पुढे जातो. नवी काच ऊन अडवणारी असेल तर तिच्यात धातूचा थर असतो आणि रेडिओ लहरी अडतात. आरशाच्या मागे काळ्या ठिपक्यांची मोकळी जागा असेल तिथेच आतून चिकटवा.

प्रश्न : जुनी गाडी दलालामार्फत विकली. तीन महिने झाले, अजून माझ्या खात्यातून टोल कापला जातोय. दलाल म्हणतो होईल ट्रान्सफर. आतापर्यंत बरेच गेलेत, ते परत मिळतील का? देव बरें करूं. (डिचोली)

टॅग आधी बंद करा, आजच. अ‍ॅपमध्ये टॅग क्लोजरचा पर्याय असतो, नसेल तर बँकेच्या हेल्पलाईनवर सांगा. फास्टॅग दुसऱ्याच्या नावावर होत नाही, नव्या मालकाने स्वतःचा घ्यायचा असतो, त्यामुळे "होईल ट्रान्सफर" म्हणत दलाल तुम्हाला थांबवतोय. एका गाडीला एकच टॅग हा नियम असल्यामुळे तुमचा बंद झाल्याशिवाय त्यालाही अडचणच आहे. बंद केल्यावर उरलेला बॅलन्स आणि सिक्युरिटी डिपॉझिट खात्यात परत येतं, डिपॉझिट मागायला लोक विसरतात.

कापले गेलेले पैसे बँक देणार नाही, कारण गाडी खरंच नाक्यावरून गेलीय. ते नव्या मालकाकडून घ्यायचे. विक्रीच्या तारखेपासूनचं स्टेटमेंट काढून त्याला पाठवा, विक्रीच्या कागदाची कॉपी जोडा. आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आरसी अजून कोणाच्या नावावर आहे ते वाहन पोर्टलवर बघा. टोल अजून तुमच्या टॅगवरून जातोय म्हणजे आरसीही बदलली नसण्याची शक्यता भरपूर आहे. तसं असेल तर दलालाची वाट न बघता विक्रीचे कागद घेऊन सोमवारी आरटीओत जा, कारण त्या गाडीने अपघात केला तर पोलीस पहिले तुमच्या दारात येतील.